सोळा सूत

आमच्या गाडीचं मागचं दार चार इंच जाड होतं. चार इंच! घराच्या पुढच्या दाराला कुणी एवढी जाडी देत नाही. आणि अशी दोन दारं, एक डावं, एक उजवं. म्हणजे आठ इंच गाडी नुसती दारांनीच खाल्लेली. माणसांनी बसायचं कुठे, तर उरलेल्या जागेत, अंग चोरून. ती जाडी कमी करण्यात माझे सहा महिने गेले, आणि त्या सहा महिन्यांत मी जेवढा चिडलो तेवढा एकतीस वर्षांच्या नोकरीत चिडलो नव्हतो. नोकरी म्हणजे तांत्रिक शाळेत मुलांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवायची. रेघ जाड आली की मी कागद फाडायचो. मुलं मला पाठीमागे काय म्हणायची ते मला चांगलं माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी वडिलांची. वडील डॉक्टर होते. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत पेशंट बघायला जायचं म्हणून त्यांनी ती कुणाची तरी वापरलेली घेतली. इंजिन आणि खालचा सांगाडा विलायतेचा, वरचं सगळं अंग मात्र मुंबईच्या एका कारखान्यात बांधलेलं. त्या काळी पद्धतच होती तशी. नुसता सांगाडा विकत घ्यायचा आणि शिंप्याकडून कोट शिवून घ्यावा तसं वरचं अंग आपल्या पसंतीनं बांधून घ्यायचं. सागवानाची चौकट, त्यावर ठोकून बसवलेला पत्रा, आतून काथ्या भरलेली गादी आणि वर रेक्झिन. ज्याने कुणी ती बांधून घेतली तो आणि त्याची बायको, दोघंही काटकुळी असणार. मागच्या सीटवर दोघं ऐसपैस बसतात. तिसऱ्याने काय करायचं, याचा विचार त्या शहाण्याने केलाच नव्हता.

आम्ही तिघं भावंडं लहानपणी त्याच सीटवर बसायचो. अक्का, दादा आणि मी. तेव्हा मावायचो. आता अक्का अठ्ठ्याहत्तरची, दादा चौऱ्याहत्तरचा, मी अडुसष्टचा, आणि आमच्या घराण्यात वय झालं की माणूस आडवा वाढतो.

दारांची ही भानगड मी का केली ते आधी सांगितलं पाहिजे. दादाचा आणि माझा आठ वर्षं अबोला होता. कारण सांगायला लाज वाटते. माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मी त्याला फोनवर दिलं. घरचाच माणूस, त्याला कसली पत्रिका आणि कसल्या अक्षता, असं मला वाटलं. दादाला वाटलं, परक्यांच्या दारात नवरा-बायको जोडीने जाऊन अक्षता ठेवतात आणि सख्ख्या थोरल्या भावाला नुसता फोन? तो मुंबईहून लग्नाला आला, शेवटच्या रांगेत बसला, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेला. मांडवातून माझा भाऊ उपाशी गेला! मला ते सहनच झालं नाही. म्हटलं, गेलास उडत. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. अबोला धरायला एक क्षण पुरतो, पण तो आधी कुणी सोडायचा यात वर्षं जातात. आमची आठ गेली.

गेल्या गणपतीत देवरूखहून अक्काचा फोन आला. ती लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. म्हणाली, "येत्या शिमग्याला मी येणार. पालखी आपल्या घरी आली की देवीची ओटी मी भरणार."

मला आनंद झाला. म्हटलं, "ये की. गाडी पाठवतो."

"पाठवायची नाही. आपली गाडी घेऊन तू यायचंस. वडलांची. दादा मुंबईहून माझ्याकडे उतरेल. आणि मागच्या सीटवर आपण तिघांनी बसायचं. तुम्हां दोघांतला एक जरी पुढे बसला, तरी मी गाडीत पाय ठेवणार नाही."

"अगं, मावणार नाही आपण!"

"ते तू बघ. एवढा मास्तर ना तू? आणि यंदाच. पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस."

तिला काय हवं होतं ते न कळण्याइतका मी बावळट नव्हतो. आम्हा दोघांना तासभर एका सीटवर डांबून बोलतं करायचं, दुसरं काय! शहाण्या माणसाने अशा वेळी भावाला फोन केला असता. मी टेप घेऊन मांगरात गेलो, जिथे गाडी उभी असते.

दोन्ही दारांच्या मध्ये आतली जागा भरली पंचेचाळीस इंच. गाडी बाहेरून रुंद करता येत नाही; पायरी, मडगार्ड, छप्पर, सगळं एकदाच ठरलेलं असतं. जागा काढायची तर ती दारांच्या पोटातूनच. आता किती काढायची, यासाठी माणसांची मापं हवीत. माझं माप बायकोने घेतलं. मला बाकावर बसवून दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं लावली आणि मधलं अंतर मोजलं. साडेसोळा. "सतरा आहे खरं तर," ती म्हणाली, "पण तुम्ही श्वास आत ओढलाय." मी साडेसोळाच लिहिलं.

अक्काचं माप घ्यायला देवरूखला गेलो. तिला खुर्चीवर बसवली, तर तिने सवयीने दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली. मांडीचं माप भरलं सव्वीस इंच!

"अक्का, पाय खाली सोड."

"खाली सोडले की सुजतात रे."

"एक तासाचा प्रश्न आहे. एवढंही करायचं नाही का?"

"बरं बाबा, सोडते. नीट माप." पंधरा भरली. मग टेप गुंडाळताना मला म्हणाली, "माझं घेतलंस. दादाचं कसं घेणार?"

"मिळेल."

"एक फोन कर त्याला. तोंडाने विचार, तुझी कंबर केवढी आहे ते."

"अक्का, तू तुझं काम केलंस ना? मला माझं करू दे."

मला वाटलं आता ती रागावेल. पण म्हणाली, "चहा घेतोस?"

दादाचं माप मी शिंप्याकडून मिळवलं. मुंबईत चाळीस वर्षं राहूनही दादा पँट शिवायचा तो रत्नागिरीतच, एसटी स्टँडमागच्या शिंप्याकडे. मुंबईच्या शिंप्यांना पोट कळत नाही, असं त्याचं मत. मी त्या शिंप्याला म्हटलं, भावाचं माप काढ. त्याने जुन्या वह्या उलटसुलट केल्या. "सीट शेहेचाळीस," म्हणाला. "पण मास्तर, हे जुनं माप. गेली काही वर्षं ते आलेच नाहीत माझ्याकडे. फोन करून विचारा की त्यांनाच."

"तू मला अक्कल शिकवू नकोस," मी म्हटलं. येत नाही म्हणजे तयार कपडे घेत असेल. घेर शेहेचाळीस, म्हणजे बसल्यावर रुंदी साडेसोळा. मधल्या वर्षांच्या वाढीचा वर एक इंच धरला. दादाला आमरस वाटीने नाही, तांब्याने लागतो, हे मला माहीत होतं. तर साडेसतरा. अक्का पंधरा, मी साडेसोळा, दादा साडेसतरा. बेरीज एकोणपन्नास. आहेत पंचेचाळीस. हवेत चार इंच, म्हणजे एकेका दारातून दोन. सुतारी भाषेत बोलायचं तर इंचाची आठ सूत, दोन इंचांची सोळा. मी मोठ्या कागदावर दाराचा आडवा छेद काढला, टोकदार पेन्सिलने, आणि भिंतीवर लावला. खाली लिहिलं, सोळा सूत.

सुतार मिळवला तो मिऱ्या बंदराकडचा. होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. हल्ली लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या करतो आणि त्याला स्वतःलाच त्याचा कंटाळा आलेला. त्याने दार ठोकून बघितलं, हुंगून बघितलं, आणि म्हणाला, "मास्तर, साग झकास हाय. कशाला हात लावताव?"

"बारीक करायचंय."

"दार बारीक करण्यापेक्षा माणसं बारीक करा." आणि हसला. मला हसू आलं नाही.

पहिली सहा सूत सोपी होती. आतली काथ्याची गादी उचकटून फेकली. ती गादी चांगली कोपर रुतेल अशी मऊ होती, लहानपणी मी तिला डोकं टेकून झोपायचो, पण जागा खाणारी वस्तू म्हटल्यावर दयामाया कसली! तिच्या जागी पातळ फळी आणि तिच्यावर नुसतं कातडं. पुढची पाच सूत काचेची. काच खालीवर करायला दारात एक हँडलचं यंत्र होतं, दात्यांचं, धान्याच्या जात्याएवढं अवजड. ते काढलं आणि काच ओढायला भोकं पाडलेला चामड्याचा पट्टा लावला. काढलेल्या यंत्राकडे सुतार असा बघत होता की जणू मी कुणाचं काळीज काढून ठेवलंय. "तुला हवं तर घरी ने," मी म्हटलं. त्याने खरंच नेलं.

राहिली पाच सूत, आणि तिथून माझं नशीब फिरलं. आता चौकटच तासायची होती. मी म्हटलं, सरळ रंधा मार, पावणेदोन इंचांची एक इंच आणि एक सूत कर. सुतार म्हणाला, "पाऊस अजून गेला नाय, लाकूड पाणी पिऊन बसलंय, थांबा." मी थांबणारा नव्हतो. भाद्रपदातच दार तासून घेतलं. बिजागऱ्यांवर चढवलं. सुंदर बसलं. मी बायकोला हाक मारली, कारण गाडी ती चालवते आणि माझ्यापेक्षा चांगली चालवते. म्हटलं, चल, आरे-वारेला एक फेरी मारू.

सुरुवातीला काही झालं नाही. चढ संपून समुद्र दिसायला लागतो त्या वळणावर दार आपोआप उघडलं. मी मागे बसलो होतो, दाराला टेकून. अर्धा बाहेर गेलो! चामड्याचा पट्टा हातात आला म्हणून वाचलो, नाहीतर हे लिहायला दुसरं कुणी लागलं असतं. बायकोने गाडी थांबवली, मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "जागा झाली हो! अख्खा समुद्र आत आला."

दार लोंबलं होतं. तासून तासून त्यातला जोर गेला होता, आणि कुलपाची जीभ खाचेच्या तीन सूत खाली आली होती. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकलं तेव्हा त्याच दाराचे सांधे इतके उघडले की आतून बाहेरचं दिसायला लागलं. दोन महिने पाण्यात. मी सुतारावर ओरडलो. तो ओरडला नाही, हेच जास्त लागलं. "मी थांबा म्हटलेलं," एवढंच म्हणाला आणि आठ दिवस आला नाही.

अक्काचा फोन दर रविवारी. "दादाशी बोललास?"

"अक्का, दार लोंबतंय आणि तुला बोलायचं सुचतंय?"

"मग बोलला नाहीस."

"अकरा सूत झालीत. पाच राहिलीत."

"मी काय विचारते, तू काय सांगतोस!" आणि फोन ठेवायची. मला राग यायचा. एवढं मरमर मरतोय ते कुणासाठी? हिनेच अट घातली, आणि हिलाच कौतुक नाही. दर रविवारी तेच. एकदा तर म्हणाली, "दारं राहू देत तशीच, तू आधी बोल." राहू देत? मग बसणार कसे? बायकांना मापाचं काही कळत नाही, असं मी मोठ्याने म्हणालो आणि त्या दिवशी मला संध्याकाळी जेवायला उशिरा मिळालं.

सुतार परत आला तो एक पातळ फळी घेऊन. जुन्या होडीची, सागाचीच, बाक दिलेली. माझ्या हातात दिली. "मोडा."

मी जोर लावला. मोडेना. गुडघ्यावर घेतली, तरी मोडेना.

"सहा सूत जाडी नाय तिची," तो म्हणाला, "आणि समुद्र अंगावर घेत होती. जोर जाडीत नसतोय मास्तर, बाकात असतोय. तुमचं ड्रॉइंग सगळं सरळ, म्हणून दार लोंबतंय."

च्यायला! एकतीस वर्षं मी मुलांना सरळ रेघा मारायला शिकवल्या, आणि हा मला माझ्याच मांगरात उभं करून सांगत होता की तुझी रेघ चुकली. माझं डोकं तडकलं. मी फळी खाली ठेवली आणि घरात गेलो. दोन दिवस मांगराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचा कागद काढला, दुसरा लावला, आणि दाराच्या आतल्या अंगाला बाहेरच्या पत्र्यासारखाच बाक दिला. छाती आत घेतलेल्या माणसासारखं. वर आणि खाली जाडी तेवढीच, पण मध्ये, जिथे माणसाचं कोपर आणि कंबर येते, तिथे पोकळ. आणि ते बरोबर होतं. सुताराला मी हे सांगितलं नाही, पण कागद बघून त्याला कळलंच असेल.

पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून, एकीवर एक चिकटवून, साच्यात दाबून ठेवायच्या. एकेका दाराला तीन आठवडे. आंब्याला मोहोर आला आणि गेला, मला पत्ता नाही. माघ उलटला तेव्हा दोन्ही दारं चढली. हलकी, घट्ट, आणि बंद करताना पूर्वी धाडकन आवाज यायचा तो आता नुसता टक्. मी टेप लावला. पंधरा सूत.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

"एका सुतानं काय होतंय? भाऊ श्वास आत घेतील."

"माझा भाऊ माझ्या गाडीत श्वास आत घेऊन बसणार नाही!"

हे मी इतक्या जोरात ओरडलो की बायको ओटीवर आली. सुताराने रंधा उचलला आणि त्या एका सुतासाठी आणखी चार दिवस घालवले. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर. मी त्याला नीट धन्यवादसुद्धा दिले नाहीत.

होळी झाली. पालखी आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि बायको गाडी घेऊन देवरूखला निघालो. रस्ताभर मी बोलत होतो, आणि सगळं दारांबद्दल. दादा बसला की त्याला आधी काही सांगायचं नाही, त्याचं त्याच्याच लक्षात येऊ दे, असं मी ठरवलं होतं. तो नक्की म्हणेल, "पूर्वी एवढी जागा नव्हती." मग मी म्हणेन, "नव्हतीच." अबोला असा मोडायचा, कुणी आधी न बोलता, हा माझा बेत. खरं म्हणजे तो आधी बोललेला असेल, हाही हिशेब त्यात होता. मी खोटं कशाला सांगू?

अक्काच्या अंगणात शिरलो. ओटीवरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऊन चांगलं तापलेलं, तरी अंगात स्वेटर. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं. अक्काचे सासरकडचे कुणी असतील असं समजून मी हात जोडले. "नमस्कार. अक्का आत आहे ना?"

त्यांनी मान वर केली आणि जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "नमस्कार," म्हणाले. "आहे. बसा."

बायको माझ्या मागून येत होती. ती थबकली, मग घाईने पुढे झाली आणि त्यांच्या पायाशी वाकली. "दादा," ती म्हणाली, "अहो, काय हे!"

मी जिथल्या तिथे उभा राहिलो. माझ्या सख्ख्या भावाला मी नमस्कार केला होता, परक्याला करतात तसा. आणि त्याने मला 'बसा' म्हटलं होतं.

अक्का बाहेर आली. तिने माझं तोंड बघितलं आणि मला हाताला धरून विहिरीकडे नेलं. पोटाचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली, म्हणाली. औषधं चालू आहेत, पण डॉक्टर आता फारसं काही बोलत नाहीत. दादाने तिला शपथ घातली होती, धाकट्याला सांगायचं नाही. कीव येऊन फोन करणार असेल तर मला तो फोन नको, म्हणाला होता.

मी तिच्यावरच उसळलो. "सहा महिने मला दारं तासायला लावलीस! सगळं माहीत असून!"

"मी दारं तासायला सांगितली होती?" अक्काचा आवाज चढला. माझ्यावर तिला एवढं चिडलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. "दर रविवारी मी काय सांगत होते रे मेल्या? फोन कर, फोन कर. शपथेने माझं तोंड बांधलेलं, तरी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तुला आपलं सूत आणि इंच!" आणि पदराने डोळे पुसून ती आत निघून गेली. मी विहिरीपाशी उभा. दादासमोर जायची हिंमत नव्हती.

शेवटी बायकोने हाक मारली म्हणून गेलो. आम्ही गाडीत बसलो. अक्का मध्ये, तिच्या डावीकडे दादा, उजवीकडे मी. अक्काने मांडी घातली नाही. कबूल केल्याप्रमाणे पाय खाली सोडून ताठ बसली. बायकोने गाडी सुरू केली. सवय वाईट असते. मी नजरेनेच मापं घेतली. दादा आता साडेबारा इंच असेल नसेल. पंधरा, साडेसोळा, साडेबारा, म्हणजे चव्वेचाळीस. जुनी दारं असती, काथ्याच्या गादीसकट, तरी आम्ही तिघं बसलो असतो. दादाच्या आणि दाराच्या मध्ये वीतभर नसली तरी चांगली जागा रिकामी होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पहिलं मोठं वळण आलं तशी गाडी कलली आणि दादा त्या रिकाम्या जागेतून घसरून दारावर आपटला. फार जोरात नाही. पण आतली गादी मी काढून टाकली होती. उघड्या फळीवर नुसतं कातडं, आणि त्याच्या अंगावरही आता तेवढंच. हाड वाजलं. त्याने तोंडातून आवाज काढला नाही, फक्त डोळे मिटून घेतले.

"थांबव!" मी बायकोला ओरडलो. "गाडी थांबव!"

रस्त्याकडेला थांबलो. मी उतरलो, वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो, दार उघडलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. "उतर," म्हटलं. "तू मध्ये बस. अक्का या बाजूला येईल." तो उतरायला लागला, तर मी त्याच्या दंडाला धरलं. माझा हात त्याच्या दंडाभोवती पुरा बसला. अक्का निमूटपणे सरकली. दादा वळसा घालून माझ्या बाजूच्या दाराने आत शिरला आणि आमच्या दोघांच्या मध्ये आला. आमच्यापैकी तो आणि मी लठ्ठ म्हणून प्रसिद्ध होतो, आता मीच राहिलो होतो.

गाडी निघाली. पुढच्या वळणावर तो माझ्यावर कलला, त्याच्या पुढच्या वळणावर अक्कावर. काही लागत नव्हतं त्याला. मग त्याने हात लांब करून माझ्या बाजूच्या दाराच्या बाकावरून बोटं फिरवली. लहानपणी तो माझ्या वह्या अशाच तपासायचा.

"छान झालंय," म्हणाला. "किती काढलंस?"

"दोन इंच. एकेका दाराचं."

"एवढं कशाला रे?"

मला राग आला. त्याचा, अक्काचा, शिंप्याचा, त्या फोनवरच्या आमंत्रणाचा, सगळ्याचा एकदम. "तू जाडा आहेस म्हणून!" मी ओरडलो. "तू जाडा होतास मेल्या, म्हणून! मला काय ठाऊक होतं?" माझा आवाज फाटला. बायकोने गाडी हळू केली, पण मागे वळून बघितलं नाही.

दादा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोकला थांबल्यावर त्याने माझ्या मांडीवर थोपटलं.

"होतो खरा," तो म्हणाला.

हातखंब्याचा फाटा यायच्या आत तो झोपला, डोकं माझ्या खांद्यावर टाकून. त्या डोक्याला वजन असं नव्हतंच. माझं कोपर उघड्या फळीवर दाबलं जात होतं, हाताला मुंग्या आल्या होत्या. अक्काने मला खुणेने विचारलं, त्याचं डोकं माझ्याकडे घेऊ का? मी नको म्हटलं.